पीएम (पोस्टमॉर्टेम) रूममध्ये काम करणाऱ्यांच्या लसीचं आणि हातमोज्यांचं कोण बघतं?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी, हा विषय इथं कधी निघालेला दिसला नाही म्हणून धागा काढतोय. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, गावाचं नाव देत नाही. आमच्याकडे पीएम होतात, विहिरीत पडलेले, शेतात औषध प्यालेले, हायवेवरचे, रुळावरचे, सगळे. डॉक्टर बघतात, सांगतात, लिहून घेतात, पण सुरी हातात असते ती आमच्या सफाई कामगाराच्या, आणि तो सुटीवर असला की बाहेरून रोजावर बोलावलेल्या माणसाच्या.

गेल्या महिन्यात बॉडी शिवताना दाभण त्याच्या अंगठ्यात घुसलं. त्यानं नळाखाली हात धरला, हळद दाबली आणि राहिलेलं शिवून टाकलं. मला संध्याकाळी बोलता बोलता कळलं. हेपॅटायटिस बीची लस घेतली का विचारलं तर म्हणे "ती डॉक्टर-सिस्टरांना असते ना भाऊ". इतकी वर्षं हे काम करतोय हा माणूस आणि एक डोस पण नाही. हातमोजे म्हणजे पेशंट तपासायचे पातळ लॅटेक्सचे, ते बरगडीच्या टोकाला लागले की फाटलेच समजा.

तुमच्याकडे कसं आहे? पीएम रूमवाले, पोलीस, शववाहिकेचे ड्रायव्हर, सीएच्या (केमिकल अॅनालायझर, म्हणजे सरकारी फॉरेन्सिक) लॅबमधले, ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांनी लिहा. मला वरती लेखी अर्ज द्यायचाय, त्यात नेमकं काय मागायचं ते ठरवायला मदत होईल.

खाकी_धुळे

भाऊ बरं केलं विषय काढला. आमच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. एडी (अपघाती मृत्यूची नोंद) दाखल झाली की बॉडीला पहिला हात पोलिसाचा लागतो. इनक्वेस्ट (मरणोत्तर पंचनामा) करायचा म्हणजे मयताचे कपडे काढा, उलटं करा, पाठीवर जखम आहे का बघा, खिशातलं सामान काढा, हे सगळं पंचांसमोर. खिशात ब्लेड असतं, फुटलेली बाटली असते, मोटारसायकलच्या अपघातात तर कपड्यांत काचा भरलेल्या असतात. हातमोजे मिळाले तर मिळाले, नाहीतर आम्ही मेडिकलवरून स्वतःच्या पैशानं घेतो.

आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीला पाठवायचे आतले अवयव. बरणी लाखेनं सील करून देतात, ती घेऊन आमचा माणूस एसटीनं नाशिकला जातो. एकदा माझ्या पिशवीत बरणी पाझरली होती, शेजारी माझा डबा. त्या पाण्यातून काय होतं काय नाही हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही, म्हणून इथंच विचारतो. मिठाच्या पाण्यात ठेवलेलं असतं म्हणजे जंतू मरतात ना?

न्यायवैद्यक_डॉ

खाकीदादा, नाही मरत. विषाच्या तपासणीसाठी अवयव संपृक्त मिठाच्या पाण्यात ठेवतात ते सडू नयेत म्हणून. फॉर्मलिन तिथं चालत नाही कारण त्यानं विषाची तपासणी बिघडते. म्हणजे ती बरणी जंतुमुक्त अजिबात नसते, रक्तासारखीच धरायची. पाझरली तर पिशवीसकट बाजूला ठेवायची, हातमोजे घालूनच हात लावायचा, सांडलेल्यावर जुनं कापड किंवा कागद टाकून त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट ओतायचं, निदान १० मिनिटं थांबायचं आणि मग पुसायचं. द्रावण रोज ताजं करायचं, कालचं आज कामाचं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. डबा वेगळ्या पिशवीत, हे सांगायला नको. बरणी घट्ट फिरकीच्या झाकणाची हवी, ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी मधे शोषून घेणारा कापूस टाकून कडक डब्यात, असं तीन थरांत गेलं पाहिजे. डबा काही महाग नसतो, परत वापरता येतो, पोलीस ठाण्याला एक असला तरी भागतं.

आता गिरणाकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी न्यायवैद्यक विभागात शिकवतो आणि पीएम करतो. लोकांना वाटतं धोका वासात आहे. कुजलेली बॉडी आली की सगळे नाकाला रुमाल लावतात, कापूर ठेवतात, आणि ताजी बॉडी असली की उघड्या हातानं उचलतात. उलट आहे. वासानं मळमळेल, पण रक्तातून होणारे आजार आणि टीबी ताज्या, स्वच्छ दिसणाऱ्या बॉडीतूनच जास्त येतात. अडचण तीन ठिकाणी होते: धारदार वस्तू, उडणारे शिंतोडे आणि कवटी कापताना किंवा फुफ्फुस दाबताना हवेत जाणारे बारीक कण.

हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात टेबलावर किमान ७ दिवस टिकतो. लस नसलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता १०० मागे ६ ते ३० इतकी, त्या रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर ठरतं. हेपॅटायटिस सीची १०० मागे दोनच्या आत. एचआयव्हीची १००० मागे साधारण ३. लोक घाबरतात मात्र एचआयव्हीला. आणि ज्याची शक्यता सगळ्यात मोठी त्याच्यावर लस आहे, तीन डोस, ०, १ आणि ६ महिने. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीनं रक्तात किती संरक्षण तयार झालं ते) बघायचं, १० च्या वर आलं की झालं. तुमच्या त्या माणसाला हे मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण या सगळ्यात सोपं आणि पक्कं असं हेच एक होतं.

अमळनेर_आबा

डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं मान्य, पण ग्रामीण रुग्णालयात एवढं साहित्य कुठून आणायचं? मी आधी स्टोअर सांभाळलंय. ज्या मयताला एचआयव्ही किंवा कावीळ असल्याचं माहीत आहे त्यालाच फुल किट वापरावं, बाकीच्यांना साधे हातमोजे पुरे. असंच चालत आलंय.

न्यायवैद्यक_डॉ

आबा, माहीत असतं कुठे? रुळावर सापडलेल्या बेवारस माणसाचा इतिहास कोण सांगणार? घरातून आणलेल्या बॉडीचे नातेवाईक अशा वेळी आजार सांगतील ही अपेक्षाच चुकीची आहे. रक्त तपासून मग पीएम करू म्हटलं तर नुकतीच लागण झालेल्या माणसाची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. आणि थंड पेटीत ठेवलेल्या मृतदेहांत मृत्यूनंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ जिवंत एचआयव्ही सापडलेला आहे, म्हणजे "मेल्यावर काय होतंय" हेही खरं नाही. म्हणून सगळ्या बॉडी एकाच नियमानं हाताळायच्या. शिवाय किट फक्त "त्या" केसला काढलं की पीएम रूमच्या बाहेर उभ्या सगळ्या गावाला मयताचा आजार कळतो, हा दुसरा अन्याय.

स्टोअरचं म्हणाल तर मी कोविडसारखा आख्खा पांढरा सूट मागतच नाहीये. रोजच्या पीएमला लांब बाह्यांचा गाऊन, वर रबराचा किंवा प्लास्टिकचा एप्रन, गमबूट, डोळ्यांना गॉगल किंवा फेस शील्ड, एन ९५ मास्क, आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या. दोन जोड्यांच्या मधे चिरा न जाणारा जाळीचा मोजा मिळाला तर उत्तम, सुरी सरकली तर तो वाचवतो. सुईला मात्र तो अडवत नाही, हे लक्षात ठेवा. एप्रन, गमबूट, गॉगल, जाळीचा मोजा धुऊन परत वापरायचे आहेत, तो खर्च एकदाच आहे.

खाकी_धुळे

आता नवीन कायद्यात ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर यायचं आहे, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७६. म्हणजे रक्ताच्या थारोळ्यात वावरणाऱ्या माणसांची संख्या वाढणार. व्हॅन आल्या, कॅमेरे आले, चांगलंच आहे. लसीचं पण त्याच वेळी बघावं एवढंच.

परीक्षण_नळी

मी सीएच्या लॅबमध्ये आहे, जैविक विभागात. आमच्याकडे आलेलं पाकीट उघडलं की कळतं पाठवणारा किती शिकलेला आहे. रक्तानं ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून येतात, मे महिन्यात, आठवड्यानं. उघडल्यावर बुरशी, वास, आणि डीएनए पण गेलेला. ओला कपडा सावलीत, वाऱ्यावर, स्वच्छ कागदावर वाळवायचा आणि कागदी पाकिटात घालायचा, प्लास्टिकमध्ये नाही. पुरावाही टिकतो आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर काही येत नाही. उलट वाळलेलं रक्त झटकलं की पूड उडते, म्हणून आम्ही मास्क लावून हवा ओढून घेणाऱ्या हुडखालीच उघडतो.

अजून एक, हात जोडून सांगतो. सुरी, ब्लेड, सिरिंज पाठवताना कडक पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून पाठवा आणि बाहेर मोठ्या अक्षरात लिहा आत धारदार वस्तू आहे. पाकिटातून सुईचं टोक बाहेर आलेलं मी पाहिलंय. रक्ताच्या बाटलीचं बूच चिकटपट्टीनं बंद करा. लेबल आधी लिहून मग बाटलीला लावा, रक्ताळलेल्या हातानं पेन धरून लिहायचं आणि तेच पेन कानावर ठेवायचं हे बंद झालं पाहिजे. मोबाइलचं पण तेच, पीएम टेबलाजवळ फोटो काढून तोच फोन गालाला लावतात.

समुपदेशक_ताई

मी आयसीटीसीला (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्र) काम करते. गिरणाकाठ दादा, आधी हे सांगा, त्या भाऊंना पीईपी (टोचल्यावर एचआयव्ही टाळायला देतात ती औषधं) दिलं का?

गिरणाकाठ

हो ताई. मला संध्याकाळी कळलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्याला गाडीवर बसवून जिल्ह्याला नेलं. गोळ्या सुरू झाल्या, लसीचा पहिला डोसही त्याच दिवशी दिला. तो यायलाच तयार नव्हता, "तिथं नाव लागलं तर गावात काय तोंड दाखवू" म्हणत होता.

समुपदेशक_ताई

तुम्ही नेलंत हे फार मोठं काम केलंत. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण टोचल्यावर पहिल्या तासात काय करायचं हेच लोकांना माहीत नसतं.

टोचलं किंवा कापलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. पिळून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, हळद, चुना, ब्लीचिंग, स्पिरिट काही चोळू नका. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्यानं किंवा सलाइननं भरपूर धुवा, लेन्स असेल तर आधी डोळा धुवा, मग लेन्स काढून परत धुवा. तोंडात गेलं तर थुंकून चुळा भरा. मग लगेच ड्युटी डॉक्टरला सांगा आणि नोंद करून घ्या, "नंतर बघू" नाही. एचआयव्ही टाळायची औषधं जमल्यास पहिल्या दोन तासांत आणि कुठल्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू झाली पाहिजेत, त्यानंतर उपयोग नाही. आता टीएलडी म्हणजे तीन औषधांची एकच गोळी दिवसाला एक, २८ दिवस, सरकारी दवाखान्यात मोफत. मधे सोडायची नाही. रक्ताची तपासणी त्याच दिवशी, मग ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी.

लस घेतली नसेल तर हेपॅटायटिस बीसाठी इम्युनोग्लोब्युलिन इंजेक्शन लागू शकतं, ते जमल्यास २४ तासांत, म्हणून डॉक्टरला लसीचा इतिहास पहिल्यांदा सांगा. सीसाठी लस नाही पण तो आता गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस कार्यक्रम सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषध मोफत, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हेपॅटायटिस बी लसीची सोयही त्यातच.

आणि नावाचं. एचआयव्ही कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. माणसाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि जिथं कामामुळे लागण होऊ शकते तिथं सुरक्षेचं साहित्य आणि पीईपी देणं ही मालकाची जबाबदारी आहे. हे त्या भाऊंना माझ्यातर्फे सांगा. कुठल्याही केंद्रावर समुपदेशकाला बाजूला भेटून बोलता येतं.

तापीमाय

राम राम मंडळी. मी तापीकाठचा, पोहणारा. धागा सगळा वाचला, आमना विषय कोनी काढा नही म्हणून लिहितो. नदीत, धरणात बॉडी असली की पोलीस आम्हालाच बोलावतात. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांची बॉडी फुगून वर येते, कातडी हाताला येते, ती दोरीनं बांधून काठाला आणतो. हातात काय, तर कधी पॉलिथिनची पिशवी गुंडाळलेली. पायाला काटे, काचा लागलेल्या असतात. काठावर आल्यावर लोक पैसे देतात, शाल देतात, पण तुमले काही व्हयनं का हे कोनी इचारस नही. आमच्यासारख्यानं लस घ्यायची तर कुठे जायचं? आम्ही नोकरीत नाही.

न्यायवैद्यक_डॉ

दादा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. हेपॅटायटिस बी आणि धनुर्वात, या दोन तुम्हाला आधी हव्यात. धनुर्वाताची लस कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल. हेपॅटायटिस बीसाठी ज्या ठाण्याचे लोक तुम्हाला बोलावतात त्यांच्याकडून ग्रामीण रुग्णालयाला एक पत्र घ्या की हा माणूस या कामाला नेहमी येतो, त्या पत्रावर वैद्यकीय अधीक्षक सोय करू शकतात. पाण्यात उतरण्याआधी पायाची जखम वॉटरप्रूफ पट्टीनं झाका, कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे घाला, आणि बाहेर आल्यावर खाण्या-पिण्याआधी, तंबाखू मळण्याआधी साबणानं हात. साचलेल्या पाण्यात उतरल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरला पाण्यात उतरल्याचं सांगा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) विचार करावा लागतो.

शहाद्याची_लेक

माझे वडील पीएमच्या कामाला होते, नंदुरबार जिल्ह्यात. आता नाहीत. त्यांना टीबी झाला होता, कामावरच लागला की बाहेर हे कोणी तपासलं नाही, सांगताही येणार नाही. खोकला महिनोन् महिने होता आणि ते म्हणायचे धुळीचा आहे. कवटी एक्सा ब्लेडनं कापायचे, तोंडाला गमछा.

मला वेगळंच सांगायचंय. ते प्यायचे, आणि लोक त्यावरच बोलायचे. पण शुद्धीत राहून ते काम करता येईल अशी जागा त्यांना कोणी दिली नाही. पत्र्याची खोली, एकच खिडकी, पंखा नाही, पाणी बाहेरच्या हापशावरून. प्यालेल्या हातात धारदार सुरी म्हणजे धोका दुप्पट, हे मलाही कळतं. पण आधी खोली नीट करा, मदतीला दुसरा माणूस द्या, आणि मग त्याला शिस्त सांगा. लग्नकार्यात त्यांना वेगळं बसवायचे. त्यांच्या हातून किती घरांना मयताचा दाखला मिळाला, इन्शुरन्स मिळाला, खुनाचा छडा लागला.

न्यायवैद्यक_डॉ

ताई, तुमच्या वडिलांसारख्यांनी आमच्या पिढीला काम शिकवलंय. कवटी कशी सोडवायची हे मी पुस्तकातून नाही, अशाच एका मामांकडून शिकलो.

टीबीबद्दल तुमची शंका रास्त आहे. पीएम करणाऱ्यांना टीबी लागणं ही जुनी गोष्ट आहे. स्टेथोस्कोप शोधणारे फ्रेंच डॉक्टर लेनेक, शवविच्छेदनात करवत लागून त्यांच्या बोटावर टीबीची गाठ आली होती, पुढे १८२६ मध्ये ते टीबीनंच गेले. आणि १८४७ मध्ये व्हिएन्नाला कोलेच्का नावाचे डॉक्टर शवविच्छेदनात सुरी लागून जंतुसंसर्गानं वारले, त्यावरूनच त्यांचे मित्र सेमेलवाइस यांना हात धुण्याचं महत्त्व उमगलं. म्हणजे जगाला हात धुवायला लावलं ते पीएम टेबलावरच्या एका जखमेनं.

आज काय करायचं ते सांगतो. कवटीला विजेची करवत वापरली तर कण जास्त उडतात, हातकरवतीनं कमी. दोन्ही वेळा कापायच्या जागेवर ओलं कापड ठेवा आणि एन ९५ लावा, गमछा किंवा निळा सर्जिकल मास्क टीबीला पुरत नाही. एका वेळी एकानंच कापायचं, दुसऱ्याचा हात आत नको. सुरी हातातून हातात द्यायची नाही, ट्रेमध्ये ठेवायची, समोरच्यानं उचलायची. ब्लेड हातानं काढायचं नाही, चिमट्यानं. बरगड्या कापल्यावर टोकांवर जाड कापड टाकायचं. शिवताना चामडी बोटांनी धरायची नाही, चिमट्यानं धरायची, दाभण नेहमी आपल्यापासून लांब जाईल असं घालायचं. घाई शिवतानाच होते कारण नातेवाईक बाहेर थांबलेले असतात, आणि बहुतेक जखमा तिथंच होतात. टेबल धुताना पाइप जोरात सोडू नका, शिंतोडे उडतात, हळू धार ठेवा. खोलीला एक्झॉस्ट हवा आणि तो टेबलाच्या उंचीला किंवा खाली, म्हणजे हवा तोंडावरून वर न जाता खाली ओढली जाते. वर्षातून एकदा प्रत्येकाची छाती तपासायची, आणि दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका.

रेबीजचा संशय असेल तर डोकं उघडण्याआधी वरिष्ठांना विचारा आणि रेबीजची लस घेतलेल्या माणसानंच ते करावं.

इंटर्न_पोरगा

सर हे सगळं ठीक, पण भुसावळला मे महिन्यात ४५ पारा, पत्र्याच्या खोलीत एन ९५ आणि रबरी एप्रन घालून अर्धा तास पण उभं राहवत नाही, घामानं मास्क ओला होतो, गॉगलवर वाफ. मग सगळे काढून ठेवतात.

न्यायवैद्यक_डॉ

बरोबर आहे, आणि म्हणूनच खानदेशात ही गोष्ट साहित्याइतकीच वेळेची आहे. उजाडताच सुरू करा, १० च्या आत उरका. दुपारी आलेली बॉडी थंड पेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे घेता येते, पेटी चालू असेल तर. आत सुती कपडा, वर एप्रन. आत जाण्याआधी पाणी पिऊन जा. मास्क ओला झाला की बाहेर येऊन हात धुऊन बदला, म्हणजे एका पीएमला माणशी दोन मास्क धरूनच मागणी करा. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असलेल्या ठिकाणी सूर्यास्तानंतरही पीएमला केंद्राची परवानगी आहे, खून, बलात्कार, आत्महत्या, कुजलेली बॉडी, संशयास्पद मृत्यू सोडून. पण नीट उजेड नसेल तर रात्री सुरी हातात घेऊ नका, अंधारात बोट कापतं.

अमळनेर_आबा

डॉक्टरसाहेब, पटलं. स्टोअरवाल्याच्या नजरेनं एक सांगतो. हे सगळं मागणीपत्रात "पीएम रूमसाठी" म्हणून वेगळं लिहा, ओटीच्या (ऑपरेशन थिएटर) मागणीत घातलं की ओटीतच संपतं. आणि बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम जोडा. त्यात स्पष्ट आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, नोकरीला लागताना आणि वर्षातून एकदा तपासणी, आणि सुरक्षेचं साहित्य दवाखान्यानंच द्यायचं. नियमाचा कागद जोडला की फाइल परत येत नाही, माझा अनुभव आहे. पांढरा न फुटणारा डबा सुई-ब्लेडला, पिवळी पिशवी अवयवांच्या तुकड्यांना, हे पीएम रूममध्येच ठेवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी डबा वॉर्डात असतो आणि ब्लेड पीएमच्या कट्ट्यावर पडून.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार, आबा तुमचे खास. अर्ज लिहायला घेतलाय, वैद्यकीय अधीक्षकांना देतोय आणि प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. पीएमला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कायम असो, कंत्राटी असो की रोजावरचा, हेपॅटायटिस बीचे तीन डोस, टायटर आणि धनुर्वात. जाळीचे मोजे, गॉगल, एन ९५, गमबूट पीएमच्या नावानं. टोचलं तर कोणाला फोन करायचा आणि पीईपी कुठे ठेवलंय याचा मराठीत मोठ्या अक्षरातला कागद भिंतीवर. एक्झॉस्ट आणि आत नळ. पांढरा डबा. वर्षाला छातीची तपासणी. आमच्या माणसाचा दुसरा डोस झाला, सहा आठवड्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, मीच नेणार आहे.

खाकी_धुळे

भाऊ, त्यात शववाहिकेचा ड्रायव्हर आणि बॉडी उचलायला येणारे होमगार्ड घाला. आणि व्हिसेराचा कडक डबा. आमच्या साहेबांना मी तुमच्या अर्जाची प्रत दाखवतो, ठाण्यातर्फे पोहणाऱ्या दादांसाठी पत्र काढायचं मी बघतो. तापीमाय दादा, कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येता ते मला मेसेज करा.

तापीमाय

मेसेज केला साहेब. आम्ही चौघे जण आहोत, चौघांचं नाव घाला.